दिघ्याच्या अभ्यासिकेसाठी मिंटची आयएसओ बदलली, त्याचं पूर्ण प्रकरण

आधी परिस्थिती सांगतो. मिंट ही लिनक्सची एक आवृत्ती, आणि आयएसओ म्हणजे ती इन्स्टॉल करायची अख्खी सीडी एका फाइलीत. नवी मुंबईतल्या दिघ्यात एका मंडळाची अभ्यासिका आहे, एमपीएससी, पोलीस भरती, टायपिंगची परीक्षा असं काय काय करणारी पोरं-पोरी तिथे सकाळपासून बसलेली असतात. ऐरोलीतल्या एका ऑफिसने आपले जुने डेस्कटॉप बदलले आणि काढलेली मशीन मंडळाला देऊन टाकली, हार्डडिस्क पुसून, म्हणजे आत काहीच नाही. काही मशीन जुन्या बायोसवाली, काही यूईएफआयवाली (मशीन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची जुनी आणि नवी पद्धत), रॅम कुठे ४ जीबी कुठे ८. नेट म्हणजे कुणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट, त्यामुळे प्रत्येक मशीनवर लिनक्स टाकून मग त्यावर एकेक पॅकेज डाउनलोड करत बसणं शक्यच नव्हतं.

अभ्यासिका बघणाऱ्या काकांची मागणी साधी होती, पेनड्राइव्ह लावला, इन्स्टॉल केलं की मशीन वापरायला तयार पाहिजे. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आपोआप आलेला पाहिजे, मराठी फॉन्ट पाहिजेत, लिबरऑफिस मराठीत पाहिजे, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ पाहिजेत. शिवाय काही मशीनवर लोगो दिसला की स्क्रीन काळी पडून तिथेच अडकायची, त्याचंही काहीतरी करायचं होतं. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची आवृत्ती, ठरली होती, लिनक्स मिंट २१.३, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवाली, कारण ती उबुंटू २२.०४ या दुसऱ्या डिस्ट्रोवर उभी आहे, २०२७ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि ४ जीबीच्या मशीनवरही बरी चालते.

मी या कामात शिरलो तेव्हा अभ्यासिकेतल्याच एका आयटीआय झालेल्या पोराने बरंच काही करून ठेवलं होतं. आर्काइव्ह मॅनेजरने आयएसओ उघडून सगळं एका फोल्डरमध्ये काढलं, बूट मेनूची फाइल बदलली, पीडीएफ टाकल्या आणि जेनआयसोइमेज या आयएसओ बनवणाऱ्या टूलच्या, नेटवर मिळालेल्या कमांडने परत आयएसओ बनवली. मला म्हणाला, "दादा, व्हर्च्युअलबॉक्समध्ये मस्त चालतंय, पेनड्राइव्हवरून मात्र काहीच होत नाही, नुसता कर्सर." हे एक वाक्य ऐकूनच अर्धं निदान झालं, कारण व्हर्च्युअलबॉक्स या मशीनच्या आतल्या खोट्या मशीनमध्ये सीडी म्हणून बूट होतंय आणि पेनड्राइव्ह म्हणून होत नाही याचा अर्थ फाइली ठीक आहेत, बिघडलंय ते फाइलींच्या बाहेरचं.

हे बाहेरचं म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. आयएसओ ९६६० हे फॉरमॅट १९८८ सालचं, सीडी-रॉमसाठी बनवलेलं. २०४८ बाइटचे सेक्टर, त्यातले पहिले १६ म्हणजे ३२ केबी फॉरमॅटने मोकळे सोडलेले, सोळाव्या सेक्टरपासून खरी माहिती सुरू होते. सीडीवरून बूट करायची सोय १९९५ ला आली, तिला एल टोरिटो म्हणतात, तिची नोंद सतराव्या सेक्टरमध्ये असते आणि व्हर्च्युअलबॉक्सला आयएसओ सीडी म्हणून दिली की तो हीच नोंद वाचतो. पेनड्राइव्हला मात्र बायोस हार्डडिस्क समजतो, त्याला एल टोरिटोशी देणंघेणं नाही, तो सरळ पहिले ५१२ बाइट वाचतो आणि तिथे एमबीआर, म्हणजे बूटची सुरुवात करणारा छोटा कोड, शोधतो. म्हणून आजच्या लिनक्स आयएसओ हायब्रिड असतात, त्या मोकळ्या ३२ केबीत एमबीआर आणि पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत त्याची यादी) बसवलेलं असतं, यूईएफआयसाठी एक छोटी फॅट इमेज वेगळी असते आणि तिच्याकडेही पार्टिशन टेबल बोट दाखवत असतं.

आता आर्काइव्ह मॅनेजर काढतो त्या फाइली. पहिले ३२ केबी ही काही फाइल नाही, त्यामुळे ते निघतच नाहीत. जेनआयसोइमेजने नवीन इमेज बनवली तेव्हा ती जागा शून्यांनी भरली गेली. दोन्ही आयएसओचे पहिले ५१२ बाइट हेक्सडंप या कच्चे बाइट दाखवणाऱ्या कमांडने शेजारी शेजारी लावून पोराला दाखवले, मूळ इमेजमध्ये ते खच्चून भरलेले आणि शेवटी ५५ एए ही सही, नव्या इमेजमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत ००. पार्टिशन दाखवणाऱ्या एफडिस्कनेही तेच सांगितलं, जुनीत पार्टिशन दिसतात, नवीत काहीच नाही. यात पोराची चूक म्हणता येणार नाही, नेटवरचे बहुतेक लेख सीडी जाळायच्या काळातले आहेत आणि जेनआयसोइमेज ज्या सीडीआरकिटमधून येतं त्याची २०१० नंतर नवी आवृत्तीच निघालेली नाही.

पोराच्या नंतरच्या एका प्रयत्नात आणखी एक गोष्ट सापडली. काढलेल्या फोल्डरमधून फाइली दुसरीकडे कॉपी करताना त्याने स्टार (*, म्हणजे सगळ्या फाइली) वापरला होता, आणि स्टारमध्ये टिंबाने सुरू होणारी नावं येत नाहीत, त्यामुळे डॉट-डिस्क नावाचं फोल्डर मागेच राहिलं. उबुंटूच्या वळणाच्या इमेजमध्ये या फोल्डरला महत्त्व असतं, आपण कोणत्या माध्यमावरून बूट झालोय ते ओळखायला कॅस्पर, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणारी लाइव्ह सिस्टिम उभी करणारा भाग, तिथली यूयूआयडीची (ओळखक्रमांकाची) फाइल इनिटआरडी या बूटच्या वेळच्या छोट्या सिस्टिममधल्या यूयूआयडीशी ताडून बघतो. ताळा जमला नाही की लाइव्ह फाइलसिस्टिम असलेलं माध्यम सापडत नाही असा एरर. फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोवाल्यांचा प्रकार वेगळा, तिथे इमेजचं लेबल बूटच्या ओळीत लिहिलेलं असतं, ते बदललं की गाडी अडली.

मग पोराने साहजिक प्रश्न विचारला, की आयएसओ लूप माउंट करून, म्हणजे डिस्कसारखी जोडून, आतली फाइल सरळ एडिट का करता येत नाही, रूट म्हणजे ॲडमिन होऊन, आरडब्ल्यू (वाचा-लिहा) लिहून माउंट केलं तरी रीड-ओन्लीच का म्हणतो? तर लिनक्सच्या आयसोएफएस ड्रायव्हरमध्ये लिहायचा कोडच नाही, आणि नाही याला कारण आहे. या फॉरमॅटमध्ये फाइली एकामागे एक सलग ठेवलेल्या असतात आणि डिरेक्टरीत फक्त ही फाइल अमुक सेक्टरला सुरू होते, इतके बाइट आहे, एवढंच लिहिलेलं असतं. मोकळी जागा कुठे आहे याची नोंदच नाही कारण मोकळी जागा ही कल्पनाच नाही. छापून बांधलेल्या पुस्तकासारखं आहे ते, मधल्या प्रकरणात दोन पानं वाढवायची तर पुढचे सगळे पानांक आणि अनुक्रमणिका बदलायला लागते, म्हणजे पुस्तक परत छापा. त्यामुळे आयएसओ बदलणं म्हणजे खरं तर नवीन आयएसओ लिहिणं, आणि लिहिताना जुन्यातलं काय काय जसंच्या तसं न्यायचं ते सांभाळणं.

याला एक अपवाद आहे आणि तो मला फार आवडतो. बदल जर अगदी तेवढ्याच बाइटचा असेल तर परत छापायची गरज नाही. बूटच्या ओळीत क्वाएट स्प्लॅश असं लिहिलेलं असतं, इंग्रजीत मधली स्पेस धरून १२ अक्षरं. काळ्या स्क्रीनवर उपाय म्हणून नोमोडसेट, म्हणजे ग्राफिक्सचा मोड बदलू नको असं कर्नलला सांगणारा शब्द, घालायचं होतं, ती ९ अक्षरं, पुढे ३ स्पेस दिल्या की झाली १२. लोकेल सी (सगळं नुसते बाइट म्हणून वाच) करून सेड या शोधा-बदला कमांडने आयएसओच्या कॉपीवर एवढीच अदलाबदल केली की बूट मेनूच्या दोन्ही फाइलींत बदल होतो, बाकी एक बाइट हलत नाही, एमबीआर, एल टोरिटो, सगळं जागच्या जागी. मूळ सिस्टिम कॉम्प्रेस केलेली असते त्यामुळे तिच्यात हे शब्द वाचण्याजोगे सापडत नाहीत, तरी आधी ग्रेप या शोधायच्या कमांडने किती ठिकाणी आणि कुठे सापडतात ते बघून घ्यायचं. मेनूतून चालणाऱ्या इंटेग्रिटी चेकमध्ये मात्र या फाइली बदललेल्या दिसणार, कारण आतली एमडी५ ची (फाइल बदलली का ते ओळखायच्या आकड्यांची) यादी जुनीच आहे. या जुगाडाने अडकणारी मशीन सुरू झाली आणि दुखणं ग्राफिक्सचंच आहे याची खात्री पटली. एकट्या मशीनपुरतं असेल तर मेनूवर ई किंवा टॅब दाबून हाताने टाइप केलेलं पुरतं, पण आपल्याला पेनड्राइव्ह काकांच्या हातात द्यायचा होता.

इथून पुढे मी पोराला एकच सवय लावली, प्रत्येक मागणीच्या पुढे ती कोणत्या थरातली आहे ते लिहायचं, आणि ज्या थराला हात लावायची गरज नाही त्याला लावायचा नाही. थर तीन. सगळ्यात खाली ते ३२ केबी आणि बूटच्या नोंदी, यात आपल्याला काहीही बदलायचं नव्हतं, फक्त जपायचं होतं. मधला थर आयएसओमधल्या दिसणाऱ्या फाइली, बूट मेनू, पीडीएफ. आणि तिसरा कॅस्पर फोल्डरमधली फाइलसिस्टिम डॉट स्क्वॉशएफएस, म्हणजे खरी मिंट, आयएसओच्या पोटात असलेली दुसरी कॉम्प्रेस केलेली फाइलसिस्टिम. फॉन्ट, कीबोर्ड, लिबरऑफिस हे सगळं तिथलं. बरेच जण एक ओळ बदलायलाही तिसरा थर उघडतात आणि तासभर मशीन तापवतात.

मधल्या थराचं काम एक्सॉरिसोने केलं. थॉमस श्मिट यांचं हे टूल, ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाच्या छत्राखाली येतं, आणि या कामासाठी दुसरं काही शोधायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. फोल्डरमध्ये सगळं काढायचीच गरज पडत नाही. इनडेव्ह म्हणून जुनी आयएसओ द्यायची, आउटडेव्ह म्हणून नव्या आयएसओचं नाव, बूट_इमेजला एनी रिप्ले सांगायचं, आणि मग मॅपने आपली बदललेली फाइल आयएसओतल्या कोणत्या जागी बसवायची ते. रिप्ले म्हणजे जुन्या इमेजमध्ये बूटसाठी जे जे आहे ते ओळखून, एमबीआर, एल टोरिटोच्या नोंदी, ईएफआयची इमेज, नवीत तसंच उभं करणं. जुन्या बायोसवर मेनू दाखवणाऱ्या आयसोलिनक्सच्या बायनरीत तिचा स्वतःचा सेक्टर नंबर लिहावा लागतो, फाइल सरकली की तोही बदलायला लागतो, ते पण हेच करतं. नक्की काय काय सापडलं ते बघायचं असेल तर रिपोर्ट_एल_टोरिटो ॲझ_एमकेआयसोएफएस असं विचारलं की अख्खी रेसिपी छापून देतं. एक गोष्ट लक्षात ठेवा, इन आणि आउट दोन्हीला एकच फाइल दिली तर ते जुन्याच्या शेवटी नवं सेशन जोडतं, जुन्या फाइली दिसेनाशा होतात पण जागा खात बसतात, त्यामुळे नाव वेगळंच द्यायचं.

बूट मेनू दोन असतात हे विसरू नका, जुन्या बायोससाठी आयसोलिनक्सचा आणि यूईएफआयसाठी ग्रबचा, दोन्ही बदलायला लागतात. आम्ही डीफॉल्ट एंट्रीला हात लावला नाही, कारण नोमोडसेट सरसकट सगळ्यांना लावलं तर चांगल्या मशीनचं ग्राफिक्सही उगाच हळू होतं, त्याऐवजी वेगळी एंट्री जोडली. मेनूत कंपॅटिबिलिटी मोड आधीपासून असतो हे मान्य, पण आम्हाला आमच्या हिशोबाने फक्त तो एक पॅरामीटर हवा होता आणि मुख्य म्हणजे इन्स्टॉल झाल्यावरही तो टिकायला हवा होता. टिकण्याची खोच अशी, की त्या ओळीच्या शेवटी डॅश असतात, त्यांच्या आधी लिहिलेलं फक्त लाइव्हपुरतं, डॅशनंतर लिहिलेलं इन्स्टॉलर उचलून हार्डडिस्कवरच्या ग्रबमध्येही टाकतो. नोमोडसेट लाइव्हसाठी डॅशच्या आधी आणि हार्डडिस्कसाठी डॅशच्या पुढेही लिहिलं आणि इन्स्टॉलनंतर परत काळी स्क्रीन यायचा प्रश्न मिटला. सेक्युअर बूटवाल्या, म्हणजे सही असलेलेच बूट प्रोग्रॅम चालवणाऱ्या मशीनवर मेनूची फाइल बदलली तर चालते, शिम (ग्रबच्या आधी चालणारा प्रोग्रॅम) आणि ग्रबच्या सही असलेल्या बायनरी बदलायच्या नाहीत.

पीडीएफ आत टाकायच्या का बाहेर यावर थोडी चर्चा झाली. बाहेर ठेवल्या तर लाइव्हमध्ये सीडीरॉम फोल्डरखाली दिसतात पण इन्स्टॉल केल्यावर आपोआप मशीनवर येत नाहीत, हाताने कॉपी कराव्या लागतात. आत ठेवल्या तर आपोआप येतात पण दर वेळी नवीन प्रश्नपत्रिका आली की स्क्वॉशएफएस परत बांधा. मी बाहेरच ठेवायला लावल्या. फॉन्ट वर्षानुवर्षं तेच राहतात, प्रश्नपत्रिका परीक्षेगणिक वाढतात, आणि एक फोल्डर कॉपी करणं कुणालाही जमतं.

तिसरा थर माझ्या घरच्या मशीनवर केला, तिथे नेट चांगलं आहे. स्क्वॉशएफएस उघडणारं अनस्क्वॉशएफएस रूट म्हणूनच चालवायचं, नाहीतर फाइलींची मालकी आणि परवानग्या बिघडतात. मग चालू मशीनची डेव्ह, प्रॉक, सिस ही फोल्डर बाइंड माउंट करून, म्हणजे आत जोडून, नेटसाठी रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ देऊन सीएचरूट, म्हणजे त्या फोल्डरलाच सिस्टिम समजून आत शिरणं, आणि आत पॅकेज टाकायचं नेहमीचं ॲप्ट. लोहित देवनागरी आणि नोटो फॉन्ट, लिबरऑफिसचा मराठी पॅक, आणि टायपिंगवाल्या ताईंनी काही जणांना रेमिंग्टन या टाइपरायटरच्या कीबोर्डची सवय आहे म्हणून सांगितलं त्यासाठी आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची पॅकेज. कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, अपग्रेड मुद्दाम होल्डवर ठेवलं, कारण कर्नल बदललं की बाहेरचं कर्नल आणि इनिटआरडी पण बदला, मग तो मघाचा यूयूआयडीचा ताळा परत जमवा, एवढा व्याप अभ्यासिकेला नको होता.

कीबोर्डची गंमत थोडी सविस्तर सांगतो. पहिला विचार येतो की इटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या डीफॉल्ट कीबोर्डच्या फाइलीत इंग्रजी आणि मराठी दोन्ही लिहावं. पण इन्स्टॉलर शेवटी तीच फाइल वापरणाऱ्याच्या उत्तराप्रमाणे परत लिहितो, आपलं लिहिलेलं गेलं. त्यामुळे सेटिंग एक्सएफसीईच्या पातळीवर केलं, इटीसीतल्या स्केल फोल्डरमध्ये. नवीन युजर बनला की स्केलमधलं सगळं त्याच्या होम फोल्डरमध्ये कॉपी होतं, तिथे कीबोर्ड-लेआउटची एक्सएमएल फाइल ठेवली, इंग्रजी पहिला, मराठी इन्स्क्रिप्ट दुसरा, अदलाबदल आल्ट-शिफ्टने. ही फाइल हाताने लिहिली नाही, एका चालू मशीनवर सेटिंग विंडोतून सगळं लावलं आणि तयार झालेली फाइल उचलली, म्हणजे स्पेलिंगची भानगड नाही.

बाहेर पडायच्या आधी ॲप्टचा कॅशे साफ, हिस्टरी साफ, मशीन-आयडी रिकामी, नाहीतर सगळ्या मशीनची ओळख एकच होते आणि राउटरवर गोंधळ होऊ शकतो. आणि हे मोठ्या अक्षरात वाचा, फोल्डर डिलीट करायच्या आधी बाइंड माउंट काढले का ते बघायचंच, ते तसेच असताना आरएम चालवलं तर तुमच्या चालू मशीनच्या डेव्हवर घाला पडतो.

परत बांधताना एमकेस्क्वॉशएफएसची एक खोड सांभाळायची, त्या नावाची फाइल आधीच असेल तर ते पुसून नवीन करत नाही, तिच्यातच भर घालतं, म्हणून नोॲपेंड द्यायचं. कॉम्प्रेशन झेडएसटीडी घेतलं, एक्सझेडने फाइल आणखी बारीक झाली असती पण उघडताना जुन्या प्रोसेसरला जड जातं, आणि पेनड्राइव्हवर जागा होती. त्यानंतर फाइलसिस्टिम डॉट साइझमध्ये नवा आकार लिहायचा, कारण हार्डडिस्कवर जागा पुरेल का हे इन्स्टॉलर त्यावरून ठरवतो, मॅनिफेस्टमध्ये पॅकेजची नवी यादी, आणि एमडी५ ची यादी नव्याने. स्क्वॉशएफएस ४ जीबीच्या आतच राहील हे बघितलं, कारण कुणी रूफस या विंडोजवरच्या टूलने आयएसओ मोडमध्ये पेनड्राइव्ह बनवला तर तो फॅट३२ होतो आणि त्यावर ४ जीबीची फाइल मावत नाही. शेवटी या सगळ्या फाइली एक्सॉरिसोच्या त्याच कमांडमध्ये मॅपने बसवल्या.

दिघ्याला नेण्याआधी तपासणी. जुनी आणि नवी दोन्ही आयएसओ माउंट करून डिफ ही फरक दाखवणारी कमांड चालवली, फक्त नावं, आणि एक्सॉरिसोने स्वतः बदललेल्या बूटच्या फाइली सोडल्या तर यादीत आपण बदललेल्याच फाइली आल्या, एकही जास्त नाही, हा डिफ मला सगळ्यात जास्त विश्वासाचा वाटतो. मग क्यूएमयू या दुसऱ्या खोट्या मशीनमध्ये आयएसओ सीडी म्हणून आणि डिस्क म्हणून, दोन्ही प्रकारे, एकदा साध्या बायोसवर आणि एकदा ओव्हीएमएफ लावून यूईएफआयवर. पोराची पहिली इमेज अडली होती ती नेमकी डिस्क म्हणून, त्यामुळे ही चाचणी सोडून चालणारच नव्हतं. पेनड्राइव्हवर डीडीने लिहिलं, सिंक होऊ दिलं, आणि लिहिलेलं परत वाचून सीएमपीने आयएसओशी ताडलं, कारण स्वस्तातले पेनड्राइव्ह लिहिलं म्हणतात आणि लिहीत नाहीत.

दिघा गाव स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून ठाण्याहून तिथे जाणं सोपं झालंय, रविवारी गेलो आणि काकांनीच बसून मशीन करायला घेतली, मी बाजूला उभा. इन्स्टॉल, रीस्टार्ट, नवीन युजर, आल्ट-शिफ्ट, आणि पहिल्याच फटक्यात मराठी. ताईंनी खुर्ची ओढून एक उतारा टाइप करून बघितला, जोडाक्षरं, रफार, ॲ, सगळं नीट उमटलं, मग म्हणाल्या, "आता फॉन्ट जरा मोठा करून द्या." काळी स्क्रीन देणाऱ्या मशीनवर नवीन एंट्री निवडली आणि इन्स्टॉलनंतर ग्रबची फाइल उघडून बघितली, नोमोडसेट तिथे होतं.

एक मशीन तेवढं राहिलंय, त्याचा प्रोसेसर ३२ बिटचा आहे आणि मुख्य मिंटने २० पासून ३२ बिट बंद केलंय. त्याच्यासाठी डेबियन या डिस्ट्रोवर उभी असलेली मिंटचीच दुसरी आवृत्ती, एलएमडीई ६, घेतोय, तिची ३२ बिटची आयएसओ आहे. पद्धत हीच, फक्त कॅस्परच्या जागी लाइव्ह नावाचं फोल्डर आणि आतला डेस्कटॉप सिनॅमन, जो त्या मशीनला झेपणार नाही, म्हणून सीएचरूटमध्येच एक्सएफसीई घालायचं चाललंय. हे मी करत नाहीये, पोरगा करतोय, काल त्याने थरांची यादी करून पाठवली त्यात बूटच्या थरापुढे "हात लावायचा नाही" असं लिहिलंय.